डी अँड डी हा 'स्पोर्ट' आहे असं कमिटीला लेखी देता येईल का?

गुहामानव

राम राम मंडळी. बऱ्याच दिवसांनी धागा काढतोय, खरंच मदत हवीय, जिलबी समजून पुढे सरकू नका.

आमच्या सोसायटीच्या क्लबहाऊसमध्ये एक खोली आहे, बाहेर पाटी 'इनडोअर स्पोर्ट्स'. आत एक टेटे (टेबल टेनिस) टेबल, दोन कॅरम, बुद्धिबळाचे पट. आम्ही पाच-सहा जण शनिवारी रात्री तिथे डी अँड डी, म्हणजे डंजन्स अँड ड्रॅगन्स खेळतो. आरडाओरडा नाही, चिप्सची पाकिटं आमची आम्ही उचलतो. तर कमिटीत कुणीतरी तक्रार केली की ही मुलं (मुलं! आमच्यातल्या दोघांची पोरं शाळेत जातात) रात्री खोली अडवून गोष्टी सांगत बसतात आणि खोली स्पोर्ट्ससाठी आहे. सेक्रेटरी काका माणूस चांगला, पण नियमावर बोट ठेवणारा. म्हणाले, हा स्पोर्ट आहे असं लेखी द्या, मी मीटिंगमध्ये ठेवतो, नाहीतर बँक्वेट हॉल घ्या आणि भाडं भरा.

आता बुद्धिबळ चालतं, कॅरम चालतो, दिवाळीत रमीसुद्धा चालते, मग आम्हीच काय घोडं मारलंय? आमच्या खेळात नियम आहेत (तीन जाडजूड पुस्तकं भरून), डोकं लागतं, टीमवर्क लागतं, फासे पडतात, हरायची भीती असते. टेबलटॉप रोलप्लेइंगला स्पोर्ट म्हणता येईल का? बाजूने विरुद्ध दोन्ही लिहा, फक्त "तुम्हाला कामधंदे नाहीत का" हे नको, ते घरी ऐकतोच.

नाद_खुळा

भावा ते ड्रॅगन बिगन म्हंजे नेमकं करताय काय ते तरी सांग की आधी. फासे टाकून साप शिडी सारखं हाय काय?

खडूस_काकू

पॉपकॉर्न घेऊन बसलेय. रच्याकने, त्या खोलीत भिशी चालेल का?

गुहामानव

@नाद_खुळा, पट नसला तरी चालतं. एक जण डंजन मास्टर, त्याला आम्ही डीएम म्हणतो. तो जग उभं करतो, कुठे आहात, समोर कोण आहे हे सांगतो. बाकीचे प्रत्येकी एक पात्र चालवतात, त्याचा एक कागद असतो, कॅरेक्टर शीट, त्यावर ताकद, चपळाई, अक्कल वगैरेचे आकडे. काय करायचं ते तुम्ही तोंडाने सांगायचं. जमेल की नाही अशी शंका असली की वीस बाजूंचा फासा टाकायचा.

गेल्या शनिवारचंच सांगतो. किल्ल्याचा चोरदरवाजा, आत दोन पहारेकरी झोपलेले, दरवाजा जुना, कुरकुरणार हे नक्की. आमची चोर (खऱ्या आयुष्यात सीए) म्हणाली मी आधी बिजागरीला दिव्यातलं तेल लावते. आता हे कुठल्याही पुस्तकात नाही. डीएमने दोन सेकंद विचार केला, म्हणाला बरं, मग १८ ऐवजी १४ पुरे. ड्रुइडवाल्याने (निसर्गाचे मंत्र येणारं पात्र) आधीच तिच्यावर गायडन्स नावाचा छोटा मंत्र टाकून ठेवला होता, त्याने चार बाजूंच्या फाशाचा आकडा वरून मिळतो. वीसच्या फाशावर पडले ७, तिचे स्टेल्थचे (आवाज न करता जाण्याचे) ६ धरून १३. एकाने हुकलं. मग तो चिमुकला चार बाजूंचा फासा, आणि पडले ३. सगळे खुर्चीतून उठले. ह्यात स्पोर्ट नाही तर मग काय आहे सांगा.

वऱ्हाडी_वजीर

काय बे, मस्त लिहिलं. माझं मत सोपं आहे, बुद्धिबळ स्पोर्ट आहे तर हे पण आहे. आमच्या नागपूरची दिव्या देशमुख २०२५ मध्ये बटुमीला महिला वर्ल्ड कप जिंकून आली, ग्रँडमास्टर झाली, तेव्हा कोणी म्हटलं का की बसून खेळते म्हणून स्पोर्ट नाही? बुद्धिबळाला पहिला अर्जुन पुरस्कार मॅन्युएल आरन यांना, बहुतेक साठच्या दशकाच्या सुरुवातीलाच. कॅरमवाल्या मारिया इरुदयम यांना १९९६ चा. १९९९ मध्ये आयओसीने (आंतरराष्ट्रीय ऑलिम्पिक समिती) बुद्धिबळ आणि ब्रिज दोघांच्या जागतिक संघटनांना मान्यता दिली. म्हणजे घाम गाळलाच पाहिजे हा मुद्दा कधीचाच निकालात निघालाय. त्या काकांना हेच लिहून द्या ना बाप्पा.

निवृत्त_पंच

श्री. गुहामानव, मी जिल्हा पातळीवर अनेक वर्षं कबड्डीचं पंचकाम केलेलं आहे, त्यामुळे तुमचं वर्णन त्याच नजरेने वाचलं. मजा आली, खोटं कशाला बोलू. पण मला चार गोष्टी सांगा.

सामना कोणामध्ये आहे? चोर बाई आणि पहारेकरी, बरोबर? पहारेकरी कोण चालवतो, डीएम. दरवाजा किती अवघड हे कोण ठरवतो, डीएम. तेल लावलं म्हणून सूट कोण देतो, डीएम. म्हणजे प्रतिस्पर्धी, पंच आणि मैदान आखणारा माळी सगळं एकच माणूस. आणि शेवटी कोण जिंकलं? समजा पहारेकरी जागे झाले आणि चोर बाई पकडली गेली तर डीएम जिंकला म्हणायचं का?

आमच्याकडे काय होतं ते सांगतो. २०२३ च्या हांगझोऊ आशियाई स्पर्धेची फायनल, भारत विरुद्ध इराण, २८-२८, सामना अगदी संपत आलेला. आपला पवन सेहरावत चढाईत कुणाला न शिवता लॉबीत (मैदानाच्या कडेच्या पट्ट्यात) गेला, त्याला धरायला इराणचे बचावपटू मागोमाग लॉबीत. आता बाद कोण, तो एकटा का सगळे? जुना नियम लावायचा का नवा? जवळपास तासभर खेळ बंद, दोन्ही संघ मॅटवर बसले, निर्णय दोनदा फिरला. शेवटी भारत ३३-२९. इतकं भांडण कशासाठी? कारण नियम दोघांनाही बांधून ठेवतो, पंचालासुद्धा. पंचाला 'मला कल्पना आवडली म्हणून दोन गुण' असं म्हणता येत नाही. तुमच्या डीएमला येतं. तुमचा खेळ छान आहे, पण माझ्या व्याख्येत तो बसत नाही.

सोंगटी

पंचकाकांना अनुमोदन. +१

टक्केटोणपे

फक्त फाशाच्या मुद्द्यावर लिहितो कारण कमिटीत कोणीतरी "हा तर नशिबाचा खेळ, जुगार" म्हणणारच. १० किंवा वर हवं असेल तर एका फाशात ५५ टक्के. डी अँड डीत 'ॲडव्हांटेज' मिळालं की दोन फासे टाकून मोठा घ्यायचा, तेच ७९.७५ टक्के होतात. चांगला खेळाडू फासा बदलत नाही, तो टाकायच्या आधीची परिस्थिती बदलतो. तेल लावणं हे तेच. आपल्या सुप्रीम कोर्टाने १९६७ मध्येच रमी हा मुख्यतः कौशल्याचा खेळ असं म्हटलंय, पत्ते पिसून वाटतात तरीसुद्धा. तेव्हा फासा आहे म्हणून स्पोर्ट नाही, हा मुद्दा कच्चा आहे. पंचकाकांचा मुद्दा मात्र पक्का आहे, त्याला माझ्याकडे गणित नाही.

अटकेपार

इंडियानात राहतो, इंडियानापोलिसला जेन कॉन हे असल्या खेळांचं मोठं संमेलन भरतं तिथे जाणं होतं, म्हणून थोडा इतिहास. लांबण लागेल, चहा घेऊन बसा.

सगळ्यांना वाटतं की ह्या खेळात स्पर्धा नसतेच. पण त्याचा जन्मच स्पर्धेतून झालाय. डी अँड डी १९७४ चं, गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह अर्नेसन, दोघेही वॉरगेम खेळणारे, म्हणजे टेबलावर शिशाचे सैनिक मांडून लढाया करायच्या आणि कोणीतरी एक जिंकायचं. गायगॅक्सच्या गावी, विस्कॉन्सिनच्या लेक जिनीव्हात, १९६८ पासून जेन कॉन सुरू झालं ते वॉरगेमवाल्यांचंच. हे लोक नव्या खेळाला स्पर्धा लावणार नाहीत तर काय?

१९७५ मध्ये बाल्टिमोरला ओरिजिन्स नावाचं पहिलं संमेलन झालं, तिथे गायगॅक्सने 'टूम ऑफ हॉरर्स' नावाचं थडगं, म्हणजे आधीच रचून ठेवलेला सापळ्यांचा डाव, स्पर्धेसाठी आणलं. आपण लई भारी असं समजणाऱ्या खेळाडूंची जिरवायला लिहिलेलं. आत एक दगडी हिरवं राक्षसाचं तोंड आहे, आ वासलेलं, आत नुसता काळोख. माणसाला वाटतं हा बोगदा, आणि तो आत शिरतो. संपलं. फासा नाही, बचाव नाही, पात्र नाहीसं. हे पुढे १९७८ मध्ये छापून आलं आणि आजही लोक त्याच्या नावाने बोटं मोडतात. इथे पात्राची अक्कल चालत नाही, खुर्चीत बसलेल्याची चालते. आधी काठी घालून बघायची बुद्धी झाली तर वाचलात.

नंतर डी अँड डी छापणाऱ्या कंपनीने (टीएसआर) चक्क 'सी' मालिका काढली, सी म्हणजे कॉम्पिटिशन. त्यातलं पहिलं १९८० चं, मेसोअमेरिकन धर्तीचं पडकं मंदिर, खाली विषारी वायू, पात्रं तयार दिलेली म्हणजे सगळ्या टीमना सारखीच, आणि पुस्तकात चक्क गुण कसे द्यायचे ते. जेन कॉनला तर डी अँड डी ओपन असायची, टीम फेरीतून फेरीत वर चढायच्या.

मग हे सगळं मागे का पडलं? तोच पंचकाकांचा मुद्दा. थडगं सारखं, पात्रं सारखी, पण टेबल क्रमांक ४ चा डीएम दयाळू आणि ९ चा खडूस. ब्रिजमध्ये काय करतात बघा, डुप्लिकेट ब्रिजला सगळ्या टेबलांवर तेच पत्ते वाटतात, त्यामुळे नशीब वजा होतं आणि उरतं ते कौशल्य. इथे पत्ते सारखे वाटता येतात, वाटणारा सारखा करता येत नाही.

शिवाय गुण लावले की लोक गुणांसाठी खेळतात. त्या काळच्या खेळाडूंच्या संघटनेच्या, आरपीजीएच्या, बऱ्याच स्पर्धांत टेबलावरच्या लोकांनी मत देऊन सर्वोत्तम खेळाडू निवडायचा अशी पद्धत होती. म्हणजे शेजाऱ्याचं मत मिळवायला अभिनय जास्त. हळूहळू ओढा दुसरीकडे गेला, सगळे मिळून एकच मोठी कथा वर्षानुवर्षं चालवतात तिकडे, उदा. २००० ते २००८ लिव्हिंग ग्रेहॉक. हजारो लोक खेळले, जिंकलं कोणी नाही. आता जेन कॉनला ७० हजारांवर माणसं येतात, बहुतेक टेबलांवर स्कोअरशीट दिसत नाही.

अजून एक गंमत. टीएसआरला १९९७ मध्ये विकत घेतलं विझर्ड्स ऑफ द कोस्टने. ह्याच कंपनीने आपल्या मॅजिक ह्या पत्त्यांच्या खेळासाठी १९९६ पासून प्रो टूर चालवली, रोख बक्षिसं, रँकिंग, पंच, सगळं. स्पर्धा कशी उभी करायची हे ज्यांना चांगलं माहीत होतं त्यांनीसुद्धा डी अँड डीची प्रो टूर काढली नाही. ह्यातून काय ते समजा.

नाद_खुळा

ते राक्षसाचं तोंड लई आवडलं. आमचा एक दोस्त हाय, पहिल्याच झटक्यात उडी टाकणार, लिहून देतो.

एकांकिकावाली

अटकेपार, जबरी प्रतिसाद! मला मात्र वेगळंच वाटतंय. तुम्ही सगळे खेळाच्या बाजूने बघताय, मी नाटकाच्या.

स्पर्धा असली, नियम असले, वेळ असली, परीक्षक असले म्हणजे स्पोर्ट होतो का? पुरुषोत्तम करंडक घ्या. १९६३ पासून चालू, कॉलेजांच्या टीम, प्राथमिक फेरी, अंतिम फेरी, भरत नाट्य मंदिराबाहेर ज्या घोषणा होतात त्या कुठल्याही फुटबॉल मॅचला लाजवतील. आम्ही तालमीत जेवढं रडलो, पडलो, गुडघे फोडून घेतले तेवढं आमच्या कॉलेजच्या खोखोच्या पोरींनीसुद्धा केलं नसेल. पण कोणी म्हटलं का एकांकिका हा क्रीडाप्रकार आहे? उलट तिथे एक अशी गोष्ट आहे जी कुठल्याच मॅचमध्ये शक्य नाही. २०२२ ला परीक्षकांनी करंडक कुणालाच दिला नाही, त्या तोडीचं काही नाही म्हणाले. केवढा गदारोळ झाला होता आठवतोय ना? आता रणजी फायनल खेळून झाल्यावर 'दोघांचाही खेळ सुमार, ट्रॉफी कपाटातच राहू दे' असं म्हणून बघा.

गुहामानवचं तेल लावणारं दृश्य वाचताना मला फायनल नाही, इम्प्रोव्ह (आयत्या वेळी रचलेलं नाटक) दिसलं. एकीने सुचवलं, दुसऱ्याने उचललं, तिसऱ्याने आधीच मंत्र टाकून ठेवला होता. तिथे कोणी कोणाला हरवत नव्हतं.

वऱ्हाडी_वजीर

@एकांकिकावाली पण ऑलिम्पिकमध्ये एकेकाळी साहित्याचं पण मेडल होतं ना! १९१२ ते १९४८ कला स्पर्धा होत्या, साहित्य, संगीत, शिल्प, चित्र, वास्तुकला. पहिलं साहित्याचं सुवर्ण १९१२ ला आधुनिक ऑलिम्पिक सुरू करणाऱ्या खुद्द कुबर्तांला, टोपणनावाने कविता पाठवून. स्वतःच स्पर्धा काढली आणि स्वतःच जिंकून राहिला 😂

खडूस_काकू

हहपुवा. आमच्या सोसायटीच्या रांगोळी स्पर्धेत अध्यक्षीणबाई हेच करतात.

अभ्यासिका_क्र_३

गमतीचा धागा आहे माहीत आहे, पण मी जरा कडू बोलणार, हलके घ्या.

'स्पोर्ट म्हणा' ही मागणी कधीच नुसत्या शब्दासाठी नसते. ऑगस्ट २०२२ मध्ये विधानसभेत मुख्यमंत्र्यांनी दहीहंडीला साहसी खेळाचा दर्जा जाहीर केला आणि गोविंदांना खेळाडूंच्या ५ टक्के आरक्षणाचा लाभ मिळणार म्हणाले. आम्ही तेव्हा पेठेतल्या अभ्यासिकेत रात्री दोनपर्यंत बसायचो, एकेका जागेसाठी. दहीहंडीत कष्ट नाहीत असं कोण म्हणेल, थर लावणाऱ्याचे खांदे बघा, खालच्या थरातली पोरं कसली ताकदीची असतात. पण आमचा प्रश्न होता की प्रमाणपत्र कोण देणार, कुठल्या स्पर्धेचं, कितवा क्रमांक आणि पडताळणी कशी? मल्लखांबाला हे सगळं आहे, स्पर्धेची रचना आहे, गुणांकन आहे, २०२२ च्या गुजरातच्या राष्ट्रीय स्पर्धेत तो होता. पुढे प्रो गोविंदा वगैरे आलं, दहीहंडीलाही आता वेळ, थर, नियम लागतायत, ते होईल हळूहळू.

ई-स्पोर्ट्सचं तसंच. डिसेंबर २०२२ मध्ये केंद्राने त्याला क्रीडा मंत्रालयाखाली आणलं आणि बाकी ऑनलाइन गेमिंग आयटी मंत्रालयाकडे दिलं. कागदावर ओळ हलली की मागून अनुदान, नोकरी, व्हिसा, सगळं हलतं. गुहामानव, तुम्हाला फक्त एक खोली हवीय. त्यासाठी एवढी मोठी पदवी कशाला मागता? उद्या खरंच मिळाली तर तिच्याबरोबर काय काय येईल ते पण बघा.

अटकेपार

काय येईल ते मी सांगतो. डोपिंग टेस्ट! २०१९ मध्ये ब्रिजचा जगातला पहिल्या क्रमांकाचा खेळाडू, गाईर हेल्गेमो, टेस्टोस्टेरॉनसाठी पॉझिटिव्ह आल्याचं जाहीर झालं आणि वर्षभरासाठी निलंबित. पत्ते खेळणारा माणूस! संघटनेला आयओसीची मान्यता हवी म्हणजे उत्तेजकांचे नियम पाळायलाच हवेत.

नाद_खुळा

शनिवारी रात्री गुहामानवच्या घरी बाटली घेऊन माणूस येणार. ती बाटली न्हवं, दुसरी 😂😂

टक्केटोणपे

ब्रिजवरून आठवलं, इंग्लंडमध्ये हा वाद थेट कोर्टात गेला होता आणि तोही पैशावरूनच. ब्रिजवाल्यांना स्पोर्ट इंग्लंड ह्या तिथल्या सरकारी क्रीडा संस्थेची मान्यता हवी होती, २०१५ मध्ये हायकोर्ट नाही म्हणालं. मग स्पर्धेच्या प्रवेश फीवर व्हॅट माफ व्हावा म्हणून युरोपच्या कोर्टात गेले, तिथे २०१७ मध्ये निकाल आला की शारीरिक भाग नगण्य, त्यामुळे त्या कायद्यापुरता तो स्पोर्ट नाही. आणि त्याच देशाच्या २०११ च्या धर्मादाय कायद्यात मात्र मानसिक कौशल्याचे खेळ स्पोर्टमध्ये धरलेत. आणि २०१८ ला जकार्ताच्या आशियाई स्पर्धेत ब्रिज ठेवला, भारताला सुवर्ण, प्रणव बर्धन वय ६० आणि शिबनाथ सरकार वय ५६. म्हणजे तोच खेळ लंडनमध्ये व्हॅट भरतो आणि जकार्तात राष्ट्रगीत वाजवतो. तेव्हा कमिटीचा बायलॉ काय म्हणतो ते आधी बघा, विश्वाची व्याख्या नंतर.

बिजागरी

धाग्यातली 'चोर बाई' मीच, सीए. गुहामानवने लिंक पाठवली म्हणून नवीन आयडी काढला. पंचकाका, तुमचा प्रतिसाद आम्ही सगळ्यांनी मोठ्याने वाचून दाखवला.

मला हा स्पोर्ट व्हायलाच नकोय. मी शाळेत असताना जिल्हा पातळीवर बॅडमिंटन खेळलेय, मला स्पर्धा काय असते ते माहितीये. समोरच्याचा बॅकहँड कच्चा आहे हे कळलं की तिथेच मारत राहायचं, तो रडकुंडीला आला तरी. ते योग्यच आहे, त्यासाठीच कोर्टवर उतरतो. टेबलावर उलटं असतं. आमच्यात एक जण आहे ज्याला बोलायला जमत नाही, नव्या माणसांसमोर तर तोंडच उघडत नाही. त्याचं पात्र राजदरबारात वकील आहे. तो बोलायला लागला की आम्ही सगळे गप्प बसतो, आकडा किती पडतो ह्याची पर्वा न करता. गुण असते तर टीमने त्याला दरबारात उभंच केलं नसतं, मला पाठवलं असतं, कारण माझ्या कागदावर पर्सुएजनचा (समोरच्याला पटवण्याचा) आकडा जास्त आहे.

आणि हो, हरतो आम्ही. एकदा सगळेच्या सगळे मेलो, त्याला टीपीके म्हणतात. घाटातल्या पुलावर, कारण दोर कापायची कल्पना माझीच होती. ती आमची सर्वात आवडती रात्र आहे. कुठल्या मॅचमध्ये असं होतं?

निवृत्त_पंच

बिजागरीताई, तुम्ही माझ्यापेक्षा चांगलं मांडलंत. एक मात्र सांगतो, आवडती हार आमच्याकडेही असते. पण ती घरी जाऊन जेवल्यावर आवडायला लागते, मॅटवर नाही.

वऱ्हाडी_वजीर

मी अजून पण म्हणतो की स्पर्धेच्या स्वरूपात खेळलं तर स्पोर्टच आहे. अटकेपारनेच सांगितलं ना, गुण होते, फेऱ्या होत्या. गल्लीतलं क्रिकेट आणि रणजी एकच खेळ आहे, एकाला स्पोर्ट म्हणतो दुसऱ्याला टाइमपास. तसंच इथे. डीएम वेगवेगळे असतात हा काही अडसर नाही, जिम्नॅस्टिक्सला पण परीक्षक वेगळे असतात.

अटकेपार

@वजीर, जिम्नॅस्टिक्सचे परीक्षक बाहेर बसून बघतात. डीएम बारवर तुमच्यासोबत लटकलेला असतो. पण गल्ली-रणजीचा मुद्दा मान्य, ओपनला मी स्पोर्टच्या जवळचं काहीतरी म्हणेन. फक्त गल्लीत खेळणाऱ्या पोराला रणजीची स्वप्नं पडतात. डी अँड डीवाल्यांना ओपनची पडत नाहीत, त्यांना फार तर स्टेजची पडतात. ऑक्टोबर २०२३ ला लंडनच्या वेम्बली अरिनामध्ये क्रिटिकल रोलवाल्यांनी, जानेवारी २०२५ ला न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये डायमेन्शन ट्वेंटीवाल्यांनी (दोन्ही डी अँड डी खेळून त्याचे शो करणारे गट) हजारो लोकांसमोर बसून खेळ केला. जिथे बॉक्सिंग होतं तिथे माणसं तिकीट काढून फासे बघायला आली, वीस पडले की स्टेडियम हलतं. पण ते टाळ्या वाजवतात त्या एकांकिकावाली म्हणते तशा, स्कोअरबोर्ड कोणी बघत नाही.

एकांकिकावाली

म्हणजे मी जिंकले 😌

सोंगटी

इथे पण विजेता लागतोच का तुम्हाला

गुहामानव

सगळ्यांचे आभार, धागा इतका धावेल वाटलं नव्हतं. अपडेट देतो.

टक्केटोणपेंचं ऐकून बायलॉ मागवला. त्यात 'स्पोर्ट' हा शब्दच नाहीये! खोली 'सदस्यांच्या करमणूक व खेळांसाठी' आहे, पाटी नंतर कोणीतरी टेटे टेबल आलं तेव्हा लावली. अभ्यासिका_क्र_३ चं पण पटलं, त्यामुळे स्पोर्ट वगैरे काही लिहिलं नाही, एक पानी अर्ज दिला की आम्ही सदस्य आहोत, खेळतो, कॅरमवाले साडेनऊला उठतात त्यानंतर खोली द्या. काकांनी मीटिंगमध्ये ठेवला, मंजूर. एक अट, खोलीतल्या वहीत इतरांसारखी नोंद करायची. त्या वहीत पाच रकाने आहेत: तारीख, वेळ, खेळ, खेळाडूंची नावं, विजेता.

काल पहिली नोंद करायला गेलो. चार रकाने भरले. पाचव्याला काय लिहू? रिकामा सोडला तर काका बोलावून घेतात, कॅरमवाल्यांना बोलावलं होतं.

खडूस_काकू

डीएमचं नाव लिहा, दरवेळी. खोली पण त्यानेच झाडायची.

बिजागरी

'पहारेकरी' लिहू का?

निवृत्त_पंच

'अनिर्णित' लिहा. आमच्या नोंदवहीतही तो शब्द चालायचा, कोणी शंका घेत नाही.

टक्केटोणपे

काका, अनिर्णित नको. दर आठवड्याला अनिर्णित दिसलं की सेक्रेटरी साहेब पुढच्या मीटिंगला टायब्रेकरचा नियम आणतील.